सोमवारी गिरण बंद असते

उद्यमनगरला सोमवारी सुट्टी,
म्हणून सोमवारी केतकीला सोडायला मी.
बाकीचे दिवस तिची आई,
केएमटीच्या दोन बस बदलून,
खिडकीची जागा नाही मिळाली
तर बिंदू चौकापर्यंत तिचा ओरडा आणि लोकांचे डोळे
दोन्ही मांडीवर घेऊन.

केंद्र म्हणजे मंगळवार पेठेत
पिठाच्या गिरणीवरचा मजला.
दोन खोल्या, गॅलरीला हिरवी जाळी,
भिंतीवर अकरा खुंट्या.
खुंटीवर नाव नाही, चित्र.
आमची केतकी म्हणजे वांगं.
वांगंच का, कुणाला माहीत नाही.
तिनंच बोट ठेवलं म्हणतात.

मी टर्नर. बावीस वर्षं लेथवर.
दोन थाऊ इकडे तिकडे झालं की जॉब रिजेक्ट.
त्यामुळे नफीसा मॅडमची वही मला वाचता येते.
'चमचा हनुवटीपर्यंत. निम्मं सांडलं.'
'पाच हाकांत एकदा मान वळवली.'
जून ते दिवाळी, सरकलं ते एवढं.
मेहुणा म्हणतो, "म्हंजे फरक न्हाईच की, दाजी."
त्याला कशाला सांगत बसू,
एक थाऊ काढायला
टूल किती वेळा मागं घ्यावं लागतं.

ज्योतिराम तेरा वर्षांचा.
रोज फरशीला कान लावून पडलेला असतो.
खाली पट्टा फिरतो, जोंधळा भरडतो,
फरशी थरथरते
आणि हा आतल्या आत हसतो.
सोमवारी गिरणही बंद.
सोमवारी तो फरशीवर डोकं आपटतो,
ठक, ठक,
दार वाजवल्यागत.
आक्काताई उशी सरकवते.
तो उशी फेकतो.
ती परत आणते. हे बारापर्यंत चालतं.

त्या सोमवारी मला काय झालं कुणास ठाऊक.
इस्त्रीच्या शर्टासकट त्याच्या शेजारी आडवा झालो
आणि मोटार सुरू केली. तोंडानं.
आधी बारीक,
मग पट्टा चढल्यावरची,
मग बिडाला टूल लागतं तेव्हाची, खर्जातली.
ज्योतिरामचं डोकं थांबलं.
सरकत सरकत छातीवर आलं,
जड, खोबरेल तेलानं ओलं.
खोटं कशाला बोलू, मनात आलं,
हे आपल्या पोरीनं कधी केलं नाही.
लाज वाटली. पण आलं मनात.

केतकी कोपऱ्यात
पावटे आणि शेंगा वेगळ्या करत होती.
उठली.
सरळ माझ्यापाशी आली.
मला तिचा चेहरा दिसला,
तिला माझा दिसला का, सांगता येत नाही.
तळहात माझ्या तोंडावर ठेवला
आणि दाबला.
टरफलांचा वास, मातीचा कण.
मोटार बंद.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ज्योतिराम पुन्हा ठक ठक.
आक्काताई म्हणाली,
"आता ह्याचं ऐकू का तिचं, तुमीच सांगा."
मला सांगता आलं नाही.
मॅडमनी तेवढ्यात वही ओढली, लिहिलं:
'आज केतकीनं नको सांगितलं.
वडिलांना. स्पष्ट.'

नऊ वर्षं आम्ही
आई म्हण, पाणी म्हण, बाबा म्हण.
नकोची वाट
कुणी बघितलीच नव्हती.

रात्री बायकोला वही दाखवली.
तिनं भाकरी उलटली, मग वाचली.
"मला रोज सांगती की ती.
तुमच्या कानात लेथ हाय."

मंगळवारी जॉब चकमध्ये बांधला,
बटणावर बोट ठेवलं
आणि तसाच थांबलो.
शेजारचा दगडू ओरडला,
"काय वो, करंट बसला का?"
न्हाई म्हटलं.
बघतोय जरा,
कुणी नको म्हणतंय का.